पाठकोरं

आमच्या शेजारचे काका मुद्रितशोधक होते. वाईत तेव्हा, म्हणजे १९८४-८५ च्या सुमाराला, हे काम कुणाला नवलाचं वाटत नसे. गावात विश्वकोशाचं कार्यालय होतं, छापखाना होता, प्राज्ञपाठशाळा होती. अक्षरांवर पोट असलेलं माणूस दर दोन-चार घरांआड भेटायचं. संध्याकाळी काका ओसरीवर बसत, मांडीवर पाट घेत आणि लांबच लांब कागद लाल पेनानं वाचत. पेन हातात असल्याशिवाय त्यांना वाचताच येत नाही, असं काकू म्हणायच्या.

काम संपलेली, रद्दीत निघालेली मुद्रितं ते आम्हा मुलांना द्यायचे. एका बाजूला बारीक छपाई आणि लाल खुणांची गर्दी, दुसरी बाजू मोकळी. अशा कागदाला पाठकोरा म्हणतात. तो शब्द मला तेव्हापासून आवडतो. कागदालाही पाठ असते आणि समोरून कितीही भरून गेला तरी ती कोरी राहू शकते, हे त्या एका शब्दात आहे.

नव्या वहीची मला भीती वाटायची. वही मोजून आणलेली असे, तिच्यावर तपकिरी कव्हर, कव्हरावर नाव-इयत्ता-तुकडी. एक पान फाडलं तर शेवटचं पान आपोआप सुटं व्हायचं आणि आईच्या लक्षात यायचं. वहीत जे उतरेल ते बरोबर असावं लागे. पाठकोऱ्या कागदाचा हिशोब मात्र घरात कुणीच ठेवत नव्हतं. त्याचं काम होऊन गेलेलं होतं. रद्दीत जाण्याआधी तो माझ्याकडे थोडा वेळ थांबला होता, इतकंच. त्याच्यावर काहीही लिहावं. मी लिहायचे.

मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढायचो. ती एकसारखी कापायची, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची, मैद्याची खळ लावून पुठ्ठा चिकटवायचा, की पुढच्या वर्षीची रफ वही तयार. माझ्या वहीत कोऱ्या पानांच्या अध्येमध्ये काकांचे कागदही शिवलेले असत. दादा म्हणायचा, तुझी वही एका बाजूनं आधीच लिहिलेली आहे. खरंच होतं ते. पान उलटलं की मधमाशी, आणखी उलटलं की मधुमेह, मग मनोरा. विश्वकोशाच्या नोंदी अकारविल्हे असतात, त्यामुळे एका गठ्ठ्यात सगळं जग एकाच अक्षरानं सुरू व्हायचं. महिनोन्‌महिने आमच्या घरात फक्त 'म' होता. माझ्या गोष्टींमधली माणसंही मग त्याच अक्षराची झाली. मैना नावाची मुलगी मनोऱ्यात राहायची आणि मधमाश्या तिचा निरोप घेऊन जायच्या.

कागद पातळ होता. कंदिलासमोर धरला की मागची छपाई पुढे यायची. माझ्या मैनेच्या वाक्यांतून उलटी अक्षरं चालत जाताना दिसायची, मधमाशीचे पाय, पंख, पोटाचे भाग. दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी दिसे. ते वाचता येत नसे, तरी मी बराच वेळ बघत बसायचे.

वाचायला 'किशोर' होतं, 'चांदोबा' होता. 'चांदोबा'च्या शेवटच्या पानांवर दोन फोटो छापलेले असत आणि त्यांना शोभेल अशी ओळ वाचकांनी पोस्टकार्डावर लिहून पाठवायची असे. मला एका ओळीत कधीच भागवता आलं नाही. एका फोटोत बैल, दुसऱ्यात छत्री धरलेलं पोर. या दोघांची गाठ कुठे पडली, छत्री कुणाची, पाऊस थांबल्यावर काय झालं, हे सगळं लिहिता लिहिता चार कागद भरून जायचे. पोस्टकार्ड कोरंच राहायचं. ते मग आई मामाला खुशालीचं पत्र लिहायला घ्यायची.

काकांनी मला खुणा शिकवल्या. काना राहिला तर अक्षराजवळ उभी रेघ आणि समासात तीच. शब्द काढायचा असेल तर त्यावर आडवी रेघ आणि समासात शेंडीसारखी वळलेली खूण. दोन शब्द चिकटले तर मध्ये फट दाखवायची. हे सगळं मला भराभर आलं. पण एका खुणेपाशी मी थांबले. कापलेल्या एका शब्दाखाली काकांनी बारीक बारीक टिंबांची ओळ काढली होती.

"हे काय?"

"हा शब्द मी चुकून काढला होता. तो राहू द्यायचा आहे."

"पण त्याच्यावर तर रेघ आहे."

"रेघ असू दे. खाली टिंबं दिसली की खिळे जुळवणारा समजतो. शब्द ठेवतो."

कापलेलं परत येऊ शकतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. त्या आठवड्यात मी मुद्दाम शब्द कापले आणि खाली टिंबं देऊन परत आणले. टिंबांविषयी काकांच्या मनात एक दुखरी जागाही होती. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव'चं 'नाव' झालं. खाजगी पत्रात काका अखेरपर्यंत 'नांव'च लिहीत. छपाईत मात्र स्वतःच्या हातानं ती टिंबं काढून टाकत, कारण नियम तो नियम. "वरची टिंबं गेली, खालची राहिली," असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. वाक्य लक्षात राहिलं.

नववीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी मी एक गोष्ट दिली. कृष्णेच्या घाटाची. पाण्याबाहेरच्या पायऱ्यांना पाण्याखालच्या पायऱ्यांची काळजी वाटते, म्हणून दररोज रात्री एक पायरी खाली उतरते, बुडालेल्या बहिणींना भेटते आणि पहाटे आपल्या जागी येऊन बसते. एके दिवशी एक पायरी परत येतच नाही. पहाटे धुणं धुवायला आलेली बाई पाऊल टाकते ते थेट पाण्यात. ती थबकते, वर बघते, पायऱ्या मोजते. गोष्ट तिथेच संपत होती.

बाईंना गोष्ट आवडली. मनापासून आवडली. फक्त शेवट अर्धवट राहिलाय, असं त्या म्हणाल्या. त्यांनी शेवटचा परिच्छेद काढला आणि तिथे लिहिलं, की म्हणून आपण सर्वांनी नदी स्वच्छ ठेवली पाहिजे, घाटांचे जतन केले पाहिजे. मी चांगल्या अक्षरात, निळ्या शाईनं, त्यांच्या शेवटासह गोष्ट उतरवून काढली. समासाला वेलबुट्टी काढली. वार्षिक संमेलनात ते हस्तलिखित टेबलावर मांडलं होतं, पाहुण्यांनी उघडून पाहिलं, आणि माझं पान नेमकं त्यांच्यासमोर आलं. शाबासकी मिळाली. त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. वाटलं नव्हतं. म्हणूनच ते खोल गेलं असावं. त्यानंतर मी गोष्ट लिहायला घेतली की शेवटी काय शिकवण काढायची हे आधी ठरवू लागले. मग ती ठरली की गोष्ट लिहायची गरजच उरेना.

दहावी आली. निबंध पाठ करून लिहायचे दिवस. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, पाऊस पडला नाही तर. हे विषय खरं तर किती मोकळे! पाऊसच पडला नाही तर, हा प्रश्न लहान मुलाला विचारून पाहा. पण त्यांना सुरुवात, मध्य, शेवट आणि दोन सुभाषितं ठरून गेलेली होती. दहापैकी आठ मिळवायचे म्हणजे ती सुभाषितं बरोबर जागी बसवायची. मी आठ मिळवत गेले. पुढे कॉमर्स, स्पर्धापरीक्षा, नोकरी, लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण. या वर्षांविषयी माझी काही तक्रार नाही. ती भरलेली वर्षं होती.

नोकरी साताऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात, १९९९ पासून. तेव्हापासून मी रोज लिहिते आहे. टिपणी, मसुदे, स्मरणपत्रं, अहवाल. या लिहिण्याला मी कमी लेखत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीत आला, त्याच्या आधीपासून भाषा संचालनालयात माणसं बसून एकेका इंग्रजी शब्दाला मराठी शब्द घडवत होती. अधीक्षक, अभियंता, अभिलेख हे शब्द आज आपोआप तोंडात येतात, त्यामागे कुणाच्या तरी कित्येक दुपारी गेल्या आहेत. चांगली टिपणी लिहिणं ही कला आहे. चाळीस पानांच्या फायलीचा गाभा दहा ओळींत आणायचा, कुणावर अन्याय होणार नाही अशा शब्दांत, आणि उद्या माझी बदली झाली तरी नव्या माणसाला समजेल असा.

पण या भाषेत 'मी' नसते. "आपणांस कळविण्यात येते की." कोण कळवतं? "कार्यवाही करण्यात यावी." कुणी करावी? शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग शिकताना वाटलं नव्हतं, की आपण आयुष्याची अर्धी वर्षं कर्ता नसलेल्या वाक्यांत काढू. त्यालाही कारण आहे. उत्तर कार्यालय देत असतं, व्यक्ती नाही. खुर्चीवरचं माणूस बदललं तरी वाक्य टिकलं पाहिजे. हे मला पटतं. फक्त ती सवय हातातून मनात कधी उतरली, ते कळलं नाही. बहिणीला पत्र लिहायला बसले तर "तुझे पत्र मिळाले, मजकूर समजला" याच्या पुढे पेन जाईना. आनंद झाला, दुःख झालं, असं लिहायला लागले की ते कुणा दुसऱ्याला झाल्यासारखं वाटे.

२०२२ च्या डिसेंबरात माझ्या टेबलावर एक अर्ज आला. डोंगरातल्या एका वाडीवरून, एका म्हाताऱ्या बाईंचा. वहीच्या रेघांच्या पानावर शाळकरी अक्षरात कुणा नातवंडाकडून लिहून घेतलेला, खाली डाव्या हाताचा अंगठा. वर आवकचा शिक्का. नाव-गाव इथे सांगत नाही, दोन-चार तपशीलही बदलले आहेत. मजकूर असा होता. नळ आला, पाणी चांगलं येतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या झऱ्यापाशी एक दगड होता. हंडा भरेस्तवर त्याच्यावर बसायचं. आधी माझी सासू बसायची, ती गेल्यावर मी बसायला लागले. टाकीच्या कामात तो दगड गेला. तो कुठं हाय तेवढं कळावं.

मी टिपणी लिहिली. ती मला पाठ आहे. "अर्जदार यांची पाणीपुरवठ्याबाबत तक्रार नाही. सबब, अर्ज दप्तरी दाखल करण्यास हरकत नसावी. आदेशार्थ सादर." तिसऱ्या दिवशी सही होऊन आली. अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे विषय संपला.

टिपणीत एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या रात्री मला झोप येईना. मला तो दगड दिसत होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी एप्रिलमध्ये करंगळीएवढं होतं, एक हंडा भरायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाडीतल्या बाईला कुणी हाक मारू शकत नाही, कारण ती पाण्याला गेलेली असते. कामावर असते आणि बसलेलीही असते. सासू कशी बसत असेल, पाय पाण्यात सोडून की डोंगराकडे पाठ करून? ती गेल्यावर पहिल्यांदा त्या दगडावर बसताना सुनेनं इकडेतिकडे पाहिलं असेल का? दगड गार होता की उन्हानं तापलेला? अर्जात यातलं काहीच नव्हतं. मी विचारायला हवं होतं असं फायलीच्या दृष्टीनंही काही नव्हतं. पण "मग पुढे काय?" हा प्रश्न इतक्या वर्षांनी मनात आला, आणि त्याला उत्तर देण्याची घाई कुणालाच नव्हती.

मी उठले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विजेचं बिल पडलेलं होतं, भरून झालेलं. त्याची मागची बाजू कोरी होती.

पहिलं वाक्य असं उतरलं. "सदर दगड झऱ्याच्या उजव्या बाजूस स्थित होता." मी ते बराच वेळ बघत राहिले. मग कापलं. त्याखाली लिहिलं, "दगड झऱ्याच्या उजव्या अंगाला होता." हे बरं होतं, पण त्यात अजून कुणी बसलेलं नव्हतं. मग लिहिलं, "ती दगडावर बसली." चौदा-पंधरा वर्षांच्या वयात मी असली वाक्यं धडाधड लिहिली असतील. त्या रात्री या तीन शब्दांना पाऊण तास लागला. कुणीतरी काहीतरी करतं आणि ते मी बघते, एवढं सोपं वाक्य लिहायला हात कचरत होता. 'ती' म्हणायला माझ्याकडे आधार काय? कोणत्या पत्राचा संदर्भ? वाक्यामागे जावक क्रमांक नसताना ते कागदावर ठेवायचं धाडस मी विसरले होते. ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. घड्याळात दोन वाजून गेले होते.

तिथून सुरू झालं. लहानपणची आवड परत आली, असं लोक म्हणतात तेव्हा ते एखादी हरवलेली वस्तू सापडल्यासारखं बोलतात. माझ्या बाबतीत तसं म्हणवत नाही. मनोऱ्यातल्या मैनेकडे मी परत गेले नाही, मला जाताही येणार नाही. लहानपणी माझी कल्पना लांब जायची, जितकं लांब तितकं चांगलं. आता ती जवळ येते. दोन हात अंतरावर बसलेल्या बाईच्या हातातल्या पिशवीत काय आहे, इथवर येते आणि तिथेच थांबून राहते. ही वेगळी गोष्ट आहे आणि मला ती अधिक अवघड वाटते. लहानपणीसारखं एवढंच राहिलं आहे, की लिहिताना पुढचं वाक्य मला माहीत नसतं.

वेळ कुठला काढायचा, असं मैत्रिणी विचारतात. मी वाई-सातारा एसटीनं जाते-येते. पस्तीसेक किलोमीटर, एक तास, कधी सव्वा. बायकांचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालं तेव्हापासून गाड्या भरून जातात आणि खिडकी मिळेलच असं नाही, पण सकाळची माझी गाडी वाईतूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. हा एक तास ना घरचा, ना ऑफिसचा. घरी मी निघालेली असते आणि ऑफिसात पोचलेली नसते. मांडीवर पर्स, पर्सवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पाठकोरा कागद. लग्नपत्रिकांची पाकिटं उसवून सपाट केली की आतून सुंदर कोरी निघतात. मुलाच्या झेरॉक्स केलेल्या नोट्स परीक्षा झाली की माझ्या. नवी सुंदर वही मला धाकट्या जावेनं भेट दिली होती, हातकागदाची, दोरी गुंडाळायची. ती अजून तशीच आहे. तिच्यावर लिहायला लागले की चांगलं लिहायचं आहे असं वाटू लागतं.

गाडीत अक्षर हलतं. पाचवडला गाडी थांबते तेव्हा चार ओळी सरळ येतात, मग महामार्गावर चढलो की पुन्हा नागमोडी. आनेवाडीच्या टोलनाक्याला पुन्हा सरळ. नंतर वाचताना कुठली ओळ कुठे सुचली ते मला अक्षरावरून कळतं. दगडाच्या गोष्टीतलं एक वाक्य असंच लिंब फाट्याच्या अलीकडे, गाडी वेगात असताना उतरलं होतं. ते असं. "रात्री वाडी झोपली की झरा हळूच वर यायचा आणि स्वतःच त्या दगडावर टेकायचा."

लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि मी ते कापलं. झरा कसा येऊन बसेल? बाकीची सगळी गोष्ट त्या अर्जाला धरून होती, बाईंचं दुःख खरं होतं, आणि मध्येच मी हे काय पोरकट घातलं, असं वाटलं. रेघ चांगली दाबून मारली.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी त्या वाडीवर गेले. कामाचं म्हणून नव्हे. दगडाची चौकशी मी आधीच तोंडी केली होती. तो टाकीच्या पायात भरला गेला होता, वर काँक्रीट होतं. निघण्यासारखा नव्हता. हे बाईंना पत्रानं कळवता आलं असतं. "आपणांस कळविण्यात येते की." पण ते मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं, आणि टिपणी मी लिहिली होती हेही.

त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पायात हाय म्हंजी टाकी त्याच्यावर उभी हाय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत मी पर्समधून कागद काढले. हे मी ठरवून गेले नव्हते. म्हटलं, "आजी, तुमच्या दगडावर मी थोडं लिहिलंय. वाचू का?"

"वाच की."

मी वाचू लागले. त्यांनी मला मध्ये चार वेळा थांबवलं. दगड काळा नव्हता, तांबूस होता. सासू डोंगराकडे पाठ करून नाही, तोंड करून बसायची, कारण गुरं तिकडे असायची. हंडा पितळेचा कुठला, जर्मनचा होता. पितळेचा एकच होता, तो लग्नाकार्याला बाहेर काढत. प्रत्येक वेळी मी पेन काढून समासात खूण केली. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. लाल पेन होतं. ऑफिसात मी हिरव्या-निळ्यातच लिहिते, लाल माझ्याकडे का होतं ते सांगता येणार नाही.

वाचण्याच्या ओघात ते कापलेलं वाक्यही माझ्याकडून वाचलं गेलं. रेघेखालून अक्षरं दिसतच होती. रात्री वाडी झोपली की झरा हळूच वर यायचा. मी मध्येच थांबले. म्हटलं, "हे नाही. हे मी काढलंय."

आजींचे हात सुपात थांबले होते. त्या टाकीच्या बाजूला बघत होत्या. नात चहाचे कप घेऊन आली, ठेवून गेली.

"आसं काय झाल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पर ऱ्हाऊ दे."

परतीची गाडी तीनला होती. फाट्यापर्यंत चालत आले, झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. गाडीला वेळ होता. कागद मांडीवर घेतले आणि त्या वाक्यापाशी आले. रेघ मी फारच दाबून मारली होती, कागद मागून उमटला होता. लाल पेननं तिच्याखाली एकेक टिंब देत गेले, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

गाडी थांबलेली नव्हती, रस्ता नव्हता, हात हलत नव्हता. टिंबं सरळ रांगेत आली.